अप-डाऊन

इंग्लंडमधलं वोकिंग हे कम्युटर टाऊनचं नेहमीचं उदाहरण. १८३८ मध्ये तिथं स्टेशन झालं आणि पुढे त्याच्याभोवती शहर वाढलं. लंडनला नोकरी, झोपायला वोकिंग.

हे वाचताना मला आमचं गोंदियाच आठवलं. त्यालाही रेल्वेनंच मोठं केलं. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनं नागपूर-छत्तीसगढची मीटरगेज ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. पुढे जबलपूरची छोटी लाईन येऊन मिळाली आणि गोंदिया जंक्शन झालं.

आपल्याकडे कम्युटिंगला 'अप-डाऊन' म्हणतात. नागपूर साधारण १३० किलोमीटर, आणि रेल्वेचा मासिक पास मिळतो १५० पर्यंत. म्हणजे अगदी पासात बसणारं अंतर! फरक एवढाच, की तिकडे माणूस मोकळ्या हवेसाठी लंडनबाहेर राहायला गेला. आपल्याकडे म्हातारे आईवडील आणि मुलांची शाळा सोडवत नाही, म्हणून माणूस गाडी पकडतो.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. कलेक्टर ऑफिस इथंच आलं, आणि अप-डाऊन उलट्या दिशेनंही सुरू झालं. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहावं असा नियम आहे. पण संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली की खुर्ची रिकामी होते. देवरी-सालेकसाहून आलेला माणूस 'उद्या या' ऐकून परत जातो.

माझ्या बाबांनी वीस वर्षं अप-डाऊन केलं. त्यामुळेच आम्ही रोज एकत्र जेवलो, म्हणून दोष कुणाला देऊ? पण त्यांच्या पासाचे थोडे पैसे त्या परत गेलेल्या माणसानंही भरलेत, हे आता कळतं.