फाळाची झीज

पुण्याच्या उजाड जमिनीवर जिजाबाई आणि बाल शिवाजी यांनी सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवल्याची आख्यायिका मराठी घरांतून लहानपणीच ऐकायला मिळते. त्या गोष्टीतला फाळ सोन्याचा चालतो, कारण तो एकदाच फिरवायचा असतो. रोज फिरवायचा असता, तर पहिल्याच दगडाला सोने वाकले असते. शेतीच्या अवजारांचा इतिहास रोजच्या नांगराचा आहे, आणि रोजच्या नांगराचा खरा प्रश्न एकच आहे: झिजणारा भाग कशाचा करायचा आणि झिजल्यावर तो नीट कोण करणार?

लाकडी नांगराने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले होते. खोड आणि हळस बाभळीसारख्या चिवट लाकडाची, हातात धरायला रुमणे, आणि जमिनीत शिरायला लोखंडाची एक लांब पट्टी, म्हणजे फाळ. लोखंड महाग, म्हणून जिथे लाकूड टिकणार नाही तेवढ्याच जागी ते वापरायचे. फाळ खोडाशी लोखंडी कड्याने आवळलेला असे. टोक झिजले की कडे सैल करून पट्टी थोडी पुढे सरकवायची, आणि बोथट झाली की लोहाराकडे नेऊन पाजवून आणायची. घडीव लोखंड तापवून ठोकता येते, लांबवता येते, तुटले तर जोडता येते. हे सगळे गावातल्या भात्यावर होत असे आणि लोहार-सुताराला त्याचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्यातून मिळत असे. नांगर मोडला म्हणून शेतकऱ्याला रोख पैसा काढावा लागत नसे. नांगर वजनाला हलका, दिवस संपला की खांद्यावर टाकून घरी नेण्याजोगा.

या नांगराचे उणेपणही होते. तो जमीन फाडतो, पलटत नाही. हलक्या जमिनीत किंवा भाताच्या चिखलात तेवढे पुरते. दख्खनच्या काळ्या जमिनीत पुरत नाही. ही माती उन्हाळ्यात दगडासारखी होऊन भेगाळते आणि पाऊस पडला की पायाला, फाळाला, सगळ्याला चिकटते. तिच्यात हरळी आणि कुंदा माजला की त्यांची मुळे खोलवर जातात. ती उपटायला जड लाकडी नांगर आणि त्याला बैलांच्या चार-चार, सहा-सहा जोड्या लागत. एवढे बैल एका घरी नसत. इर्जिक घालून, सावड करून नांगरट होई.

माती कापून तिची वळकटी उलटी टाकायची, तर फाळामागे वळणदार पत्रा हवा. त्याला आपण पंख म्हणू. युरोपात असा पंख आधी लाकडाचा असे. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या जेम्स स्मॉलने त्याच्या वळणाचा पद्धतशीर अभ्यास केला. बैलाला किंवा घोड्याला ओढायला कमी जोर लागावा आणि माती तरी पूर्ण पलटावी, हे त्याचे गणित होते. असे वळण एकदा साधले की त्याच्या हुबेहूब शंभर नकला काढायच्या, तर लाकूड तासून जमत नाही. साच्यात बीड ओतावे लागते. ओतीव लोखंड, म्हणजेच बीड, हवा तो आकार घेते आणि कठीण असते; पण ते ठिसूळ असते. ठोकायला गेले तर वाकत नाही, फुटते.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १७९७ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले. शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडाने जमिनीला विष चढते, तण वाढते, असे ते म्हणत. ही हकिगत अज्ञानाचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण न्यूबोल्डचा नांगर फाळासकट एकसंध ओतलेला होता. फाळ झिजला की सगळा नांगर भंगारात. विषाची भीती खोटी होती, पण नांगर नाकारण्यामागचा व्यवहार खोटा नव्हता. १८१९ साली जेथ्रो वूडने सुट्या, बदलता येणाऱ्या भागांचा बिडाचा नांगर आणला आणि तो खपला. लोखंड तेच, शेतकरी तेच. मधे बदलली होती ती रचना.

झिजेचे दुसरे उत्तर इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समकडून आले. ओतशाळेत वितळलेले बीड चुकून थंड लोखंडाला लागले आणि तेवढा पृष्ठभाग विलक्षण कठीण झाला, असे सांगतात. बीड झटकन थंड झाले की आतल्या कार्बनला काजळीसारखे वेगळे व्हायला वेळ मिळत नाही. तो लोखंडाशी बांधलेला राहतो आणि ते पांढरे, कठीण होते. १८०३ च्या पेटंटात रॅन्समने हा गुण फाळाला लावला. खालची बाजू थंड लोखंडावर ओतून कठीण करायची, वरची वाळूच्या साच्यात मऊ ठेवायची. वापरताना वरची बाजू लवकर झिजते, खालची उशिरा. त्यामुळे धार आपोआप राहते. झीज टाळता येत नाही, तर तिलाच कामाला लावायचे, ही यंत्ररचनेतली फार मोठी कल्पना होती.

तिसरे उत्तर मातीने मागून घेतले. अमेरिकेच्या इलिनॉय भागातली काळी माती बिडाच्या खरखरीत पंखाला चिकटून बसे आणि दर काही पावलांवर थांबून ती खरवडावी लागे. १८३७ साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने मोडक्या करवतीचे पोलाद घेऊन गुळगुळीत पंख घडवला. त्यावरून माती निसटू लागली.

आपल्याकडे विलायती नांगर आले ते सरकारी प्रयोगक्षेत्रांच्या वाटेने. मद्रासजवळ सैदापेठला १८६० च्या दशकातच परदेशी अवजारांची परीक्षा सुरू झाली होती. शेतकरी ती घेत नाहीत म्हणून साहेबलोक त्यांना दोष देत. अशा वेळी इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर हिंदुस्थानभर फिरले. १८९३ च्या आपल्या अहवालात त्यांनी वेगळा सूर लावला. इथला चांगला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्यापेक्षा कमी नाही, असे त्यांचे मत होते. नव्या नांगरांबद्दल त्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते: किंमत परवडते का, बैलांना ओढतो का, गावात दुरुस्त होतो का? हे प्रश्न मूळचे शेतकऱ्याचेच होते. अहवालात आल्यावर ते सरकारी कागदावर उमटले इतकेच.

दहा वर्षांनी, १९०३ साली, बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून आलेला हा माणूस भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवत होता आणि कडबा कापण्याचे यंत्र त्याने आधी करून पाहिले होते. नांगर विकायला मात्र दोन वर्षे लागली. इथेही शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन विषारी होईल. न्यू जर्सी आणि बेळगाव यांच्यात शंभर वर्षे आणि दोन महासागर होते, तरी शब्द तेच. दोन्हीकडच्या शेतकऱ्याची जमीन ही एकुलती एक पुंजी होती. ती बिघडली तर परत घेता येणार नव्हती. त्या भीतीला विष हा शब्द मिळाला.

१९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आधाराने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे महायुद्ध आले आणि परदेशी बीड व दगडी कोळसा मिळेना. साकचीला टाटांच्या भट्टीतून १९११ सालीच बीड निघू लागले होते, पण युद्धकाळात तिथले पोलाद मुख्यतः लष्करी कामाकडे वळले. त्या टंचाईत शाहू छत्रपतींनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले, अशी हकिगत किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितली जाते.

साहित्याच्या वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ती वाढली आणि ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांचे घरचे वाचन झाली. नांगर विकण्यासाठी शेतकऱ्याशी बोलावे लागते, हे कळल्यावर सुरू झालेले ते बोलणे होते.

तरीही ‘अडाणी शेतकऱ्याला अखेर पटले’ असा या गोष्टीचा शेवट करता येत नाही. १९५१ च्या गणनेत देशात तीन कोटींच्या वर लाकडी नांगर होते. लोखंडी दहा लाखांच्याही आत. लोखंडी नांगर जिथे भारी जमीन, ऊस आणि हरळी होती तिथे रुजला. जिथे हलकी माती, लहान बैल आणि भाताचा चिखल होता तिथे लाकडीच राहिला. शेतकऱ्याने लोखंड नाकारले नाही किंवा आंधळेपणाने स्वीकारलेही नाही. मातीनुसार निवडले.

या निवडीची किंमतही होती. बिडाचा फाळ गावच्या भात्यावर पाजवता येत नाही. तो बदलावा लागतो, म्हणजे बाजारातून रोखीने आणावा लागतो. लोखंडी नांगराने दख्खनच्या शेतकऱ्याला खोल नांगरट दिली, बैलांच्या जोड्या वाचवल्या आणि त्याच वेळी नांगराच्या डागडुजीपुरता लोहार-सुताराशी असलेला त्याचा जुना व्यवहार सैल केला. कारखान्याचा इतिहास लिहिला गेला. ज्यांचा फाळ मागे पडला त्या लोहारांचा लिहिला गेला नाही. त्यांनी घडवलेली अवजारे झिजून संपली, आणि अवजार संपले की त्याचा पुरावाही संपतो.

आज महामार्गावरच्या धाब्याच्या दारात जुना लाकडी नांगर शोभेला ठेवलेला दिसतो. बहुतेक वेळा त्याला फाळ नसतो. लोखंड आधीच कुणीतरी काढून नेलेले असते. आणि थोडे पुढे, गावाच्या फाट्यावर, वेल्डिंगच्या दुकानात एखादा माणूस रोटाव्हेटरच्या झिजलेल्या पात्यावर कठीण धातूचा थर चढवत बसलेला असतो. मालक शेजारी उभा राहून विचारतो, किती दिवस टिकेल? नांगराइतकाच जुना हा प्रश्न आहे, आणि यंत्र करणाऱ्या प्रत्येकाने आधी तोच ऐकायला हवा.