नाकातल्या पेशीपासून ऑक्सिजनच्या टाकीपर्यंत

तास ०
कोरोनाचा विषाणू नाकात शिरतो. त्याच्या पृष्ठभागावरच्या काट्याला (स्पाइक प्रथिनाला) पकडीसाठी पेशीवरचा एसीई-२ हा ग्राही लागतो. हा ग्राही ज्या पेशीवर नाही, तिथे विषाणूला सहसा थारा मिळत नाही. शिवाय काटा कापून देणारं टीएमपीआरएसएस-२ हे विकर शेजारी असलं, की आत शिरणं सोपं होतं. नाकाच्या आतल्या अस्तरात हे दोन्ही असलेल्या पेशी आहेत.

पहिले दहा-बारा तास
पेशीची यंत्रणा विषाणूच्या प्रती काढायला जुंपली जाते. नवे विषाणू बाहेर पडू लागतात.

पाचव्या दिवसाच्या आसपास
ताप, खोकला. बहुतेकांचा आजार इथूनच उतरतो. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस नाकातल्या ३३ अंशांच्या गारव्यात जोमानं वाढतो, म्हणून बहुधा वरच्या श्वसनमार्गातच राहतो. कोरोनाला फुप्फुसातली ऊबही मानवते.

दुसरा आठवडा
काही रुग्णांत विषाणू वायुकोशांतल्या टाइप-२ पेशी गाठतो. वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारा सरफॅक्टंट याच पेशी बनवतात. झीज भरून काढणाऱ्या नव्या पेशीही यांच्यापासूनच तयार होतात. म्हणजे घाव पडतो, तो दुरुस्ती करणाऱ्यांवरच. त्यात शरीराचा दाह भर घालतो. वायुकोशांत द्रव साचतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो. अशा रुग्णाला ऑक्सिजन बाहेरून द्यावा लागतो.

२१ एप्रिल २०२१, सकाळ
नाशिक. कथड्यातलं महापालिकेचं डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय. कोरोनाचे दीडशेच्या आसपास रुग्ण दाखल, काही व्हेंटिलेटरवर. त्यांचा श्वास आवारातल्या द्रव ऑक्सिजनच्या टाकीवर आणि तिथून आलेल्या नळीवर चालला आहे.

दुपारी साडेबाराच्या सुमारास
टाकीतून गळती सुरू होते. उणे १८३ अंशांना उकळणारा द्रव ऑक्सिजन हवेतली वाफ गोठवतो आणि आवार पांढऱ्या धुक्यानं भरतं.

पुढची मिनिटं
नळीतला दाब पडतो. निरोगी फुप्फुसात ऑक्सिजनची थोडी शिल्लक असते. या रुग्णांकडे ती जवळजवळ उरलेली नाही. कर्मचारी आणि नातेवाईक सिलिंडरसाठी धावतात.

संध्याकाळ
गळती थांबली आहे. प्रशासन २२ मृत्यू जाहीर करतं. विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची चौकशी समिती नेमली जाते.

विषाणूला कोणती पेशी मानवावी, हे माणसाच्या हातात नव्हतं. पण त्या पेशी गमावलेल्यांना एकाच टाकीच्या भरवशावर ठेवू नये, दुसरा पुरवठा क्षणात सुरू होईल अशी सोय असावी, हे पूर्णपणे माणसाच्या हातात आहे. प्रत्येक रुग्णालयाकडून ती सोय मागितलीच पाहिजे.