पाण्याखालचा कॅमेरा कोणाच्या हातात?

मालवण-तारकर्लीला पर्यटक डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून आणि तोंडात श्वासाची नळी धरून समुद्रात पोहतात. यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. पुष्कळांच्या मनगटाला मुठीएवढा कॅमेरा बांधलेला असतो. पाण्यात बुडला तरी त्याला काही होत नाही. आज आपण त्याची गोष्ट ऐकू.

१८५६ साली इंग्लंडमधल्या वेमथ गावी विल्यम थॉम्पसन या वकिलाने कॅमेरा पेटीत बंद करून होडीतून समुद्रात सोडला. स्वतः वरच थांबला. फोटो उमटायला सुमारे दहा मिनिटे लागायची, तेवढ्यात पेटीत पाणी शिरले. तरी काचेवर तळाचे अंधुक चित्र आलेच. पुढे १८९३ मध्ये फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ लुई बुताँ पाणबुड्याचा पोशाख घालून स्वतः कॅमेऱ्यासह तळाशी उतरले. त्यांची कॅमेऱ्याची पेटी त्यांच्या भावाने आखून दिली होती.

यात बाई कुठे होती, असे आम्हीही एकमेकींना विचारले. ती सापडली व्हिएन्ना शहरात. लोट्टे बायर्ल ही समुद्राचे अभ्यासक हान्स हास यांच्या कचेरीत सेक्रेटरी होती. मोहिमेवर बाई नको, असे हास यांचे म्हणणे. ते बाहेरगावी असताना लोट्टेने त्यांचा कॅमेरा घेतला आणि डॅन्यूब नदीच्या पाण्यात फोटो काढले. ते छापून आले. १९५० साली ती तांबड्या समुद्रावरच्या मोहिमेत गेली. त्या मोहिमेच्या सिनेमाला १९५१ मध्ये व्हेनिसला बक्षीस मिळाले. सिनेमात दिसली म्हणून लोक तिला ओळखू लागले. पण तिची सुरुवात कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून झाली, हे आम्हाला जास्त मोलाचे वाटते.

तोवर बहुतेक कॅमेऱ्यांना वेगळी जड पेटी लागत असे. १९६३ साली जपानच्या निकॉन कंपनीने ‘निकोनॉस’ बाजारात आणला. त्याला पेटी नको होती, कारण कॅमेऱ्याच्या सांध्यांनाच रबराच्या कड्या होत्या. आपल्या कुकरच्या झाकणाला असते तशीच ही रिंग. आजच्या छोट्या कॅमेऱ्याचे झाकणही अशाच रबरावर बंद होते. रिंगेत शीत अडकले की कुकरची वाफ निसटते. इथे वाळूचा कण किंवा केस अडकला की पाणी आत शिरते. म्हणून झाकण लावण्याआधी रबर पुसून पाहायचे. समुद्रातून वर आल्यावर आधी कॅमेरा गोड्या पाण्यात धुवायचा, कोरडा करायचा, मगच उघडायचा.

आणखी एक. पाणी लाल रंग आधी गिळते. थोड्या खोलीवर लाल मासाही करडा दिसतो. म्हणून फोटो जवळून काढावा. पण जवळ जाताना प्रवाळावर पाय देऊ नये. ते दगडासारखे दिसले तरी जिवंत असते.

लोट्टेला कॅमेरा कोणी हातात दिला नाही, तिने तो उचलला. आपल्या गटाच्या बैठकीत, शेततळ्याच्या कामावर फोटो काढायची वेळ येते, तेव्हा मोबाइल कोणाच्या हातात असतो? बहुतेक वेळा कोणा भावाच्या किंवा मुलाच्या. पुढच्या बैठकीचे फोटो आपल्यापैकीच एकीने काढावेत आणि प्रत्येक वेळी नवी मैत्रीण पुढे यावी, असे आम्ही आमच्या गटात ठरवले आहे. तुम्हीही ठरवा.