कोळवन कुठे गेलं?

आज सुरुवात थोडी लांबून. युरोपात सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोच्या सीमेवर एक डोंगराळ पट्टा आहे. तिथले लोक आजही त्याला ‘सँजाक’ म्हणतात. सँजाक हे खरं तर नावच नाही. तुर्की भाषेत त्याचा अर्थ झेंडा, आणि उस्मानी राज्यात त्याचा अर्थ जिल्हा. 1912 च्या बाल्कन युद्धात तुर्कांचं राज्य तिथून गेलं, शब्द मात्र राहिला. म्हणजे आपण शंभर वर्षांनीही आपल्या भागाला नुसतं ‘तालुका’ म्हणत राहावं, तसं!

आता आपल्या शहापूरकडे या. इथे बरोबर उलटं झालं.

इंग्रजांनी 1817 मध्ये पेशव्यांकडून उत्तर कोकण घेतलं, त्याचाच पुढे ठाणे जिल्हा झाला. त्या जिल्ह्यात शहापूर नावाचा तालुका नव्हता. होतं ते कोळवन. नाव ऐकलं की कोळी आणि वन, दोन्ही डोळ्यांपुढे येतात. 1866 मध्ये फेररचना झाली आणि कोळवनचं शहापूर झालं. त्याच वेळी संजाणचं डहाणू झालं, नसरापूरचं कर्जत. वाडा तालुका तर खाली उतरवून शहापूरचा पेटा केला. (मुरबाडचं नाव मात्र वाचलं.)

मला यात खटकतं ते हे: एवढ्या मोठ्या रानाला लोकांवरून नाव होतं, ते गेलं आणि एका गावाचं नाव सगळ्यांच्या कपाळी बसलं. माहुलीच्या पायथ्याचा, डोळखांबचा, किन्हवलीचा माणूस सरकारदरबारी ‘शहापूरचा’ झाला.

पुढे रेषा सरकतच राहिल्या. 1891 मध्ये कर्जत कुलाबा जिल्ह्यात गेलं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. एकेकाळी शहापूरच्या हाताखाली असलेला वाडा तिकडे गेला, शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले. मुरबाडला अजून रेल्वे नाही. टोकावड्याच्या माणसाला कलेक्टर कचेरी गाठायची तर आधी एसटीने कल्याण, मग लोकल.

आणि एक कामाचं. जमिनीचा किंवा जातीचा पुरावा शोधताना 1866 च्या आधीच्या कागदांत ‘तालुका शहापूर’ शोधू नका, सापडणार नाही. घरच्या पेटीत मोडी कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या आणि त्याला सांगा, ‘कोळवन’ दिसतंय का बघा.