वादळ ओसरल्यानंतरची यादी : चर्चचे स्वयंसेवक आणि किनाऱ्यावरील मदतकार्य

उरण तालुक्यातील द्रोणागिरीच्या डोंगरावरून एका बाजूला करंजाची खाडी व कोळीवाडा, तर दुसऱ्या बाजूला सिडकोने वसविलेले नवे द्रोणागिरी उपनगर आणि त्यापलीकडे न्हावा-शेवा बंदराचा पसारा दिसतो. डोंगरावरील किल्ल्यात पोर्तुगीज काळातील चर्चचे अवशेष आहेत. खाली मासेमारी करणारी जुनी गावे, आगरी शेतकऱ्यांच्या वस्त्या आणि बंदराच्या कामासाठी परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या शेजारी शेजारी आहेत. समुद्रावरून येणारे वादळ या सर्वांना एकाच वेळी गाठते. परंतु वादळानंतरची मदत मात्र सर्वांपर्यंत सारखी पोहोचत नाही.

हा फरक कसा पडतो आणि तो भरून काढण्यात चर्चच्या स्वयंसेवकांसारख्या गटांचा हातभार कितपत लागतो, हे समजून घेण्यासाठी २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळापासून सुरुवात करणे योग्य ठरेल.

'निसर्ग'चा तडाखा

पूर्व-मध्य अरबी समुद्रात १ जून २०२० रोजी तयार झालेला कमी दाबाचा पट्टा दोन दिवसांत तीव्र चक्रीवादळात रूपांतरित झाला. ३ जूनच्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस ते किनाऱ्यावर धडकले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. त्यापूर्वी ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळाने अलिबाग व मुंबईदरम्यान किनारा ओलांडला होता. मात्र घरे व बागायतीची 'निसर्ग'ने केलेली हानी कित्येक पटींनी मोठी होती.

उत्तर गोलार्धातील चक्रीवादळात वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूस वाऱ्याच्या वेगात वादळाच्या पुढे सरकण्याच्या वेगाची भर पडते. 'निसर्ग' ईशान्येकडे सरकत असल्याने ही उजवी बाजू मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांच्या वाट्याला आली. धरमतर खाडीच्या उत्तरेस असलेला उरणचा परिसर डाव्या बाजूस राहिल्याने तुलनेने बचावला. वादळाचा मार्ग थोडा उत्तरेकडे वळला असता, तर चित्र वेगळे दिसले असते.

श्रीवर्धन व दिवेआगरच्या वाड्यांमध्ये सुपारी आणि नारळाची झाडे आडवी झाली. घरांची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. सुपारीचे नवे रोप उत्पन्न देण्यास पाच ते सात वर्षे घेते. म्हणजे घराचे छप्पर महिन्याभरात पुन्हा उभे राहिले, तरी त्या घराचे उत्पन्न अर्ध्या तपानंतरच सुरू होणार होते. त्यातच करोनाच्या टाळेबंदीमुळे मुंबईतील रोजगार बंद होता आणि अनेक चाकरमानी गावीच होते.

पंचनामा आणि त्याबाहेरचे लोक

राज्य शासनाने रायगड जिल्ह्यासाठी तातडीची १०० कोटी रुपयांची मदत जाहीर केली आणि नेहमीच्या निकषांत वाढ केली. पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठीची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाख रुपये, तर बागायती पिकांसाठीची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपये करण्यात आली. शासकीय मदतीचा आवाका कोणत्याही स्वयंसेवी संस्थेला झेपणारा नसतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

तथापि शासकीय मदतीचा पाया पंचनामा हा असतो. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी केलेल्या पंचनाम्यात नाव येण्यासाठी घराची नोंद, सातबारा, बँक खाते अशी कागदपत्रे लागतात. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, वनजमिनीवरील झोपडीत राहणारे कातकरी कुटुंब, दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करणारी विधवा आणि नौका स्वतःच्या नावावर नसलेला खलाशी यांचे नुकसान खरे असते; परंतु ते कागदावर दाखविणे अवघड असते. सामायिक सातबाऱ्यावर अनेक वारसांची नावे असली, की मदतीची रक्कम कोणाच्या खात्यात जमा करावी हाही प्रश्न उभा राहतो. क्षेत्रफळावर आधारलेला निकष कोकणातील काही गुंठ्यांच्या दाट वाडीला अपुरा पडतो, अशी बागायतदारांची तक्रार होती.

वादळानंतर स्वयंसेवकांच्या कामाला खरी जागा मिळते ती याच पोकळीत.

चर्चची रचना कशी काम करते

कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत एका चर्चच्या अखत्यारीतील वस्तीला धर्मग्राम म्हणतात. अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो. रायगड जिल्हा मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो. प्रत्येक धर्मप्रांताची सहसा समाजसेवेची स्वतंत्र शाखा असते आणि राष्ट्रीय पातळीवर १९६२ मध्ये स्थापन झालेली 'कॅरितास इंडिया' ही संस्था त्यांच्यात समन्वय साधते. प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चेसची 'कासा' ही संस्था त्याहून जुनी आहे. फाळणीच्या काळात, १९४७ मध्ये, निर्वासितांच्या मदतीसाठी तिची स्थापना झाली.

या रचनेचे बळ पैशापेक्षा माणसांच्या ओळखीत आहे. धर्मग्रामात कुटुंबांच्या नोंदी असतात. कोणत्या घरी म्हातारी एकटी राहते, कोणाचा मुलगा समुद्रावर गेला आहे, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, ही माहिती धर्मगुरू, सिस्टर आणि महिला मंडळांना आधीपासून असते. चर्चची शाळा व सभागृह ही पक्क्या छपराची जागा असते. वस्तीत पाणी शिरले, की पहिल्या रात्री तीच निवारा ठरते.

मात्र जिथे ख्रिस्ती वस्ती दाट आहे, तिथेच हे जाळे दाट असते. रायगडच्या किनाऱ्यावर मुरुड तालुक्यातील कोर्लईसारखी मोजकी ख्रिस्ती गावे सोडल्यास ही वस्ती विरळ आहे. येथे चर्चचे स्वयंसेवक उतरले, तरी त्यांना गावातील कोळी समाजाचे पंच, मशिदीची जमात, देवस्थानचे विश्वस्त, बचत गट आणि आदिवासी संघटना यांच्याच माहितीवर अवलंबून राहावे लागते.

'ओखी'ने दिलेला धडा

स्थानिक माहितीचे मोल २०१७ मधील 'ओखी' वादळात ठळकपणे दिसले. २९ व ३० नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्याजवळ हे वादळ अत्यंत वेगाने बळावले. इशारा पोहोचण्यापूर्वीच शेकडो मच्छीमार खोल समुद्रात गेले होते. हा किनारा प्रामुख्याने लॅटिन कॅथलिक मच्छीमारांचा आहे.

बेपत्ता किती, या प्रश्नाचे उत्तर शासकीय यंत्रणेजवळ नव्हते. कारण कोणत्या नौकेवर कोण गेले, याची पुरेशी नोंदच नव्हती. तेव्हा धर्मग्रामांतील स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन नावे लिहून घेतली. कोणती नौका, सोबत कोण, शेवटचा संपर्क केव्हा झाला, अशी ती यादी होती. चर्चची यादी आणि शासनाची यादी यांत दीर्घ काळ तफावत राहिली आणि शोधमोहीम सुरू ठेवण्याच्या मागणीला चर्चच्या यादीनेच आधार दिला.

या घटनेचा महाराष्ट्राशीही संबंध आला. वादळात भरकटलेल्या ६८ नौका सुमारे साडेनऊशे मच्छीमारांसह सिंधुदुर्गातील देवगड बंदरात सुखरूप पोहोचल्या. देवगडला माणसे उतरली आणि केरळ व तमिळनाडूतील याद्यांमधील नावे एकेक करून खोडली गेली. ज्यांची नावे खोडली गेली नाहीत, त्यांच्या कुटुंबांपुढे दुसरा पेच उभा राहिला. बेपत्ता व्यक्ती मृत मानण्यासाठी कायद्याने सर्वसाधारणपणे सात वर्षांचा काळ जावा लागतो. ती अट बाजूला ठेवून दोन्ही राज्यांनी या कुटुंबांना मदत दिली. अशा वेळी नीट लिहिलेली यादी हाच कुटुंबाचा पुरावा ठरतो.

शिध्यापासून निवाऱ्यापर्यंत

मदतकार्याचे ढोबळमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या काही दिवसांत माणसे सुरक्षित जागी नेणे, शिजवलेले अन्न, पिण्याचे पाणी, ताडपत्री आणि औषधे यांना प्राधान्य असते. आपत्कालीन मदतीच्या आंतरराष्ट्रीय 'स्फिअर' मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा मिळाली पाहिजे. जुन्या कपड्यांचे ढीग मात्र या टप्प्यात मदतीपेक्षा अडचणच अधिक करतात.

दुसरा टप्पा काही आठवड्यांचा असतो. पडलेली झाडे कापून वाटा मोकळ्या करणे, कौले व पत्रे बसविणे, विहिरी उपसून स्वच्छ करणे, अर्ज भरून देणे, हरवलेल्या कागदपत्रांच्या प्रती मिळविणे अशी कामे त्यात येतात. बाहेरून आलेल्या हौशी स्वयंसेवकांचा ओघ नेमका याच काळात आटतो. झाड कापणे किंवा छपरावर चढणे हे जोखमीचे काम असल्याने ते कसबी माणसांकडूनच करून घ्यावे आणि स्थानिक सुतार-गवंड्यांना त्याची मजुरी द्यावी, हा अनुभवातून रूढ झालेला नियम आहे. त्यामुळे मदत आणि रोजगार दोन्ही साधतात.

तिसरा टप्पा काही वर्षांचा असतो. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्र प्रदेशातील कृष्णा नदीच्या मुखाजवळील दिवी परिसरात आलेल्या वादळी लाटेत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर 'कासा'सह अनेक संस्थांनी किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले. एरवी शाळा किंवा समाजमंदिर म्हणून वापरता येतील आणि वादळात गाव सामावून घेतील, अशी त्यांची रचना होती. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळातही सुमारे दहा हजार बळी गेले. पुढे शासनाने निवारे, इशारा यंत्रणा व स्थलांतराची शिस्त उभी केली. २०१३ मध्ये त्याच राज्यात 'फायलिन' वादळ आले तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली.

विश्वासाचा प्रश्न

धार्मिक संस्था मदतीला आली, की 'यामागे हेतू काय' असा प्रश्न विचारला जातो. तो टाळण्यात अर्थ नाही. रेड क्रॉस चळवळीने १९९४ मध्ये मदतकार्याची आचारसंहिता तयार केली. मदत केवळ गरजेनुसार द्यावी आणि तिचा वापर कोणत्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी करू नये, ही त्यातील प्रमुख तत्त्वे आहेत. ही संहिता तयार करताना ज्या संस्थांशी विचारविनिमय झाला, त्यांत कॅरितास आणि जागतिक चर्च परिषदही होत्या. म्हणजे हे बंधन चर्चच्या संस्थांनी स्वतःहून स्वीकारलेले आहे. ते पाळले जाते की नाही, याची परीक्षा गावातच होते. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखविली, निवडीचे निकष फलकावर लावले आणि वाटप चर्चऐवजी जिल्हा परिषदेच्या शाळेत केले, तर शंकेला जागा उरत नाही.

दुसरा प्रश्न निधीचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे 'निसर्ग'नंतर चारच महिन्यांत, विदेशी योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेला मिळालेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास त्यान्वये मनाई करण्यात आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणण्यात आली. निधीच्या गैरवापराला आळा घालणे हा त्यामागील उद्देश असल्याचे शासनाने सांगितले. राष्ट्रीय संस्थेकडून धर्मप्रांताकडे व तेथून गावाकडे पैसा पोहोचविण्याची जुनी पद्धत मात्र त्यामुळे विदेशी निधीपुरती बंद झाली. २०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने 'कासा'ची विदेशी निधीविषयक नोंदणीही रद्द केली. परिणामी स्थानिक वर्गणी आणि प्रत्यक्ष श्रमदान यांचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

पुढील वादळापूर्वी

'निसर्ग'नंतर वर्षभराच्या आत, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ कोकण किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातकडे गेले आणि रायगडला पुन्हा वाऱ्या-पावसाचा फटका बसला. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाच्या २०१५ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश करण्यात आला आहे. तथापि निवाऱ्याची इमारत उभी राहिली, तरी तिथे कोणाला पोहोचविण्यासाठी माणूस पाठवावा लागेल, ही माहिती गावालाच ठेवावी लागते.

द्रोणागिरीसारख्या भागात हे काम अधिक कठीण आहे. १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत उपनगरी रेल्वे धावू लागली आहे आणि नव्या वसाहतींत दरवर्षी नवे भाडेकरू येत आहेत. करंजाच्या कोळीवाड्यात शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. नव्या इमारतींत तसे असेलच असे नाही. त्यामुळे दर पावसाळ्यापूर्वी वस्तीनिहाय यादी अद्ययावत करणे, तीत भाडेकरू व हंगामी कामगारांचा समावेश करणे, समुद्रावर जाणाऱ्या नौकांवरील माणसांची नावे बंदरावर नोंदविणे आणि कागदपत्रांच्या प्रती सुरक्षित जागी ठेवणे, ही अल्पखर्चाची कामे चर्च, देवस्थान, मशीद, मच्छीमार संस्था आणि गृहनिर्माण सोसायट्या यांना मिळून करता येण्याजोगी आहेत. पंचनाम्यासाठी तलाठी येईल, तेव्हा अशी यादी हातात असली, तर भाड्याच्या खोलीतील कामगाराचे आणि झोपडीतील कातकरी कुटुंबाचे नुकसान त्याच्यासमोर मांडता येईल.