पृथ्वीची शास्त्रे आणि कोयनेचा धडा

पृथ्वीचा अभ्यास करणारे एकच शास्त्र असावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते शास्त्रांचे एक मोठे कुटुंब आहे. भूविज्ञ खडकांचा जन्म, थर आणि वय पाहतो. भूकंपशास्त्रज्ञ जमिनीतून धावणाऱ्या लहरी वाचतो. भूचुंबकत्वाचा अभ्यासक होकायंत्राच्या सुईची बारीक हालचाल टिपतो. जलविज्ञ पाण्याच्या वाटा शोधतो. हवामानशास्त्रज्ञ वाऱ्यापावसाचा हिशेब ठेवतो.

आपल्या देशात ही भावंडे निरनिराळ्या गरजांपोटी वाढली. कुलाब्याची वेधशाळा 1826 साली उभी राहिली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 1851 साली स्थापन झाले, त्यामागे दगडी कोळशाचा शोध होता. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून नानाभाई मूस यांनी ते काम अलिबागेस हलविले. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन त्यांनी मालिका अखंड राखली.

परंतु ही शास्त्रे फार काळ एकमेकांपासून अलग राहू शकली नाहीत. 1897 च्या आसामच्या भूकंपाची पाहणी केली ती खडकांचे सर्वेक्षण करणाऱ्या खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी. भूकंपलहरींच्या अभ्यासातूनच पुढे 1906 साली त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. ज्या खोलीपर्यंत कोणताही हातोडा पोचणार नाही, तेथवर लहरी पोचल्या होत्या.

महाराष्ट्राला हा संबंध कळला तो मात्र फार मोठी किंमत देऊन. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून आपले पठार बनले. ते अचल आहे, असा विश्वास होता. 1962 पासून कोयनेच्या शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात परिसरात हादरे जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे 200 माणसे मृत्युमुखी पडली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. पुढे त्याला बळकटी देण्यात आली.

पाण्याने हे कसे घडावे? जलाशयाचा भार खालच्या खडकांवर पडतो, हे एक. दुसरे असे की पाणी भेगांतून खोल झिरपते, तेथील दाब वाढवते आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या खडकांची पकड सैल करते. ताण मुळात खडकांत साठलेलाच असतो; पाणी निमित्त ठरते. कोयनेत पावसाळ्यानंतर हादऱ्यांची संख्या वाढते, असे दीर्घकाळच्या नोंदींत दिसून आले आहे. म्हणजे आकाशातील पावसाचा आणि भूगर्भातील भेगेचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो!

हीच वही पुरी करण्यासाठी गोठणे येथे सुमारे 3 किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. ते 2017 साली पुरे झाले. तेथे सुमारे 1250 मीटर बेसाल्टखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. या विवरातून खडक, उष्णता, पाणी आणि ताण यांचा एकत्र अभ्यास होतो.

तरीही भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगणे आजवर कोणत्याही शास्त्राला साधलेले नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीत पठाराच्या अचलपणावरील उरलासुरला विश्वासही ढासळला. तेथे हजारो जीव गेले ते बहुतांशी दगडमातीच्या जाड भिंतींखाली. म्हणून या कुटुंबात आणखी एकाला स्थान दिले पाहिजे: घर बांधणाऱ्या गवंड्याला. वेधशाळेतले ज्ञान त्याच्या ओळंब्यापर्यंत पोचले, तरच ते आपल्या उपयोगी पडले, असे आम्ही समजू.