माळ्यावरची भरमार

दिवाळीच्या रात्री अंगणात भुईनळा फुलतो आणि मुले टाळ्या पिटतात. त्या नळ्याच्या पोटात मुख्यतः तीनच जिनसा असतात: सोरा, गंधक आणि कोळसा. बिडाचा कीस घातला की फुले पडतात, एवढेच. हीच तिन्ही द्रव्ये, शंभर भागांत सोरा सुमारे पंचाहत्तर, कोळसा पंधरा आणि गंधक दहा अशी मिसळली, की बंदुकीची दारू होते. अठराव्या शतकात बिहारातला सोरा कंपनीच्या जहाजांतून विलायतेला जाई आणि त्याची दारू होऊन जगभरच्या लढायांत उडे. सणाची दारू आणि रणाची दारू या अशा सख्ख्या बहिणी आहेत.

या दारूला पेट कसा द्यायचा, यावर बंदुकीची सारी वंशावळ उभी आहे. आधी आली तोड्याची बंदूक. जळती वात, म्हणजे जामगी, कानावरच्या रंजकीला लावायची. पावसाची सर आली की शिपाई हवालदिल! मग आली चकमकीची बंदूक. तिच्या घोड्याच्या तोंडात गारगोटी. ती पोलादावर आदळून ठिणगी पडे. कंपनीच्या पलटणींची पाऊण इंच तोंडाची ‘ब्राउन बेस’ याच जातीची. तिसरी टोपीची, टोपीवर घोडा पडला की बार. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच तऱ्हेने उडे, आणि तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ साली सारा मुलूख पेटवला. पुढे मागून काडतूस घालण्याची सोय झाली आणि नळीच्या तोंडातून दारू ठासण्याचे युग लष्करापुरते संपले.

बंदुका गेल्या, पण आपल्या बोलण्यात मागे राहिल्या. दोघांत चकमक झडते, कुणी कुणाला ‘बत्ती देतो’, पुढाऱ्याचे भाषण ‘फुसका बार’ ठरते. मराठी माणसाने बंदूक किती जवळून पाहिली होती, याचा हा पुरावा.

आमच्या नागभीडच्या मुलखाला या हत्याराची ओळख लढाईतून झाली. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज कंपनीशी लढली आणि हरली. पुढच्याच वर्षी, मे १८१८ मध्ये, चांद्याचा किल्ला पडला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड आणि रोहिले गोळा करून राजगड परगण्यावर चाल केली. २९ एप्रिल १८५८ रोजी चिंचगुंडीला तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी झाली. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते.

यानंतर राज्यकर्त्यांनी धडा घेतला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. तरी रानातल्या माणसाला धान राखायचे असते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी लोळवून जातो. त्यामुळे पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक उरली. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. दारू भरा, चिंध्या कोंबा, छर्रे टाका, गजाने ठासा आणि मग डुकराची वाट पाहा! स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद राहिली. म्हणजे लष्कराने शतकापूर्वी टाकून दिलेली विद्या आमच्या शेतकऱ्याने जिवंत ठेवली.

जुन्या वस्तू जपणारांची परंपरा आपल्याकडे थोर आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ सालचा. तिथे शस्त्रांचे स्वतंत्र दालन आहे. पुण्यात ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारापासून वाड्यावाड्यांतून जुन्या वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली सारे सरकारला देऊन टाकले. ते नसते, तर त्यातले कितीतरी मोडीत गेले असते.

पण संग्राहकाची नजर सोन्याच्या कोफ्तगिरीवर आधी जाते, हेही खरे. राजाची बंदूक काचेच्या पेटीत बसते. बांधीवर रात्र काढणाऱ्या माणसाची भरमार भंगारात जाते. तिच्या दस्त्याला कोणाच्या रानातले लाकूड आहे, हे विचारणारा कोणी नसतो.

जपायची म्हटले तरी माहिती हवी. जुनी बंदूक सापडली की ती भरलेलीच आहे असे समजावे. ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांपूर्वीची दारू कोरडी राहिली असेल, तर ती आजही पेट घेऊ शकते. जाणकार नळीत लाकडी काठी घालतात आणि तेवढीच काठी बाहेरून कानापर्यंत पोहोचते का ते पाहतात. ती आखूड पडली तर आत बार आहे असे मानतात. आपण मात्र हात न लावता पोलिसांना कळवावे. उरलेली दारूची राख ओल ओढते आणि लोखंड खाते. घामाच्या बोटांचे ठसेही गंजतात. विटकरीची पूड लावून नळी चकचकीत करणे म्हणजे तिच्यावरचा काळ आणि कारागिराचे ठसे खरवडून टाकणे. पातळ तेलाचा हात आणि लाकडाला थोडे जवसाचे तेल, एवढे पुरे. खंडेनवमीला ओले गंध-कुंकू वाहिल्यावर ते लगेच कोरडे पुसून घ्यावे. भक्तीत उणे पडत नाही.

कायदाही ध्यानात असावा. जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले हत्यार दुरुस्त करूनही उडणार नसेल, तरच १९५९ चा कायदा त्याला परवान्यातून मोकळे करतो. आजोबांचा परवाना नातवाला आपोआप लागू होत नाही. तसे हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. हे योग्यच आहे. आमच्या शेजारच्या गडचिरोलीने भरमारीचे दुसरे रूपही सोसले आहे. माओवाद्यांच्या हातीही ती होती आणि तिच्या धाकात गावांनी रात्री काढल्या. अलीकडच्या वर्षांत पोलिसांच्या आवाहनानंतर तिथल्या गावकऱ्यांनी आपण होऊन भरमारी आणून दिल्या. त्या दिवशी त्या घरांतल्या आयाबाया निवांत निजल्या असतील, आणि त्यांच्या झोपेहून कोणताही इतिहास मोठा नाही.

म्हणून माझे मागणे लहानसे आहे. अशा जमा झालेल्या बंदुकांतून मोजक्या दहा-वीस निवडाव्यात. त्या पुन्हा कधी उडणार नाहीत अशा निकामी कराव्यात. गाव, साल, लोहाराची खूण आणि ती कशासाठी वापरली गेली, एवढे कागदावर टिपून त्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एखाद्या संग्रहालयात ठेवाव्यात. बाकीच्या खुशाल वितळवाव्यात. जिच्याशी ही माहिती आहे ती म्हातारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. बंदूक थांबेल, ती थांबणार नाहीत. या दिवाळीत घरी वडीलधारे असतील, तर फराळाच्या ताटावर त्यांना एवढे विचारून घ्या, आणि लिहून ठेवा.